मांडुळाचं गाव

बोआ पाळणाऱ्यांच्या जगात सापाला गाव असतं. सुरिनामचा, गयानाचा, पेरूतल्या इकितोसचा, कोलंबियाचा, होंडुरासच्या किनाऱ्याजवळच्या हॉग बेटांवरचा. गिऱ्हाईक आधी गाव विचारतं आणि भाव गावावर ठरतो. इथे जबलपूरच्या अधारतालात बोआ पाळणारं घर माझ्या तरी माहितीत नाही. इथे निघतं ते मांडूळ. पावसाळ्यात, बांधावर, रिछाईच्या कारखान्यांमागच्या पडीक जागेत, नाहीतर घराच्या पायासाठी खणलेल्या चरात. पण मांडूळ बोआच्याच गणगोतातलं, आणि ‘हा कुठला?’ हा प्रश्न त्याच्याबद्दलही विचारावाच लागतो. त्या प्रश्नाभोवतीची ही टिपणं.

*

आधी बोआंची गावं. चित्रं शेजारी शेजारी मांडली की फरक डोळ्यांत भरतो.

सुरिनाम-गयानाकडचा: अंग फिकट बदामी. पाठीवर गडद खोगिरं, म्हणजे खोगिराच्या आकाराचे डाग, त्यांच्या कडांना टोकं निघालेली. शेपटीकडे जाता जाता तीच खोगिरं विटकरी लाल होतात आणि काळ्या-पिवळसर काठामुळे उठून दिसतात. मादी अडीच-तीन मीटरपर्यंत जाते.

मध्य अमेरिकेकडचा: अंग मळकट तपकिरी, शेपटी लाल म्हणण्यापेक्षा तांबूस, बांधा आटोपशीर.

हॉग बेटांवरचा: त्याहून लहान. रंग फिका, गुलाबीकडे झुकणारा, आणि रात्री दिवसापेक्षा उजळ.

अर्जेंटिनाचा: काळपट, त्यावर पांढुरकी जाळी. खोगिरंही जास्त, साधारण २२ ते ३०. ॲमेझॉनकडच्या बोआत ती बहुधा २२ च्या आत असतात.

पेरूच्या वायव्य टोकाला तुंबेसमधला: शेपूट तुलनेनं लांब. १९९१ मध्ये तो वेगळा म्हणून नोंदला गेला, तेव्हा शास्त्रीय नावातही ही लांब शेपूट आली.

डॉमिनिका बेटावरचा: मळभ दाटल्यासारखा, पाठीवरची नक्षी विरलेली.

*

यातलं काहीही एकट्यानं पुरावा होत नाही. लाल शेपटी पाहून ‘सुरिनाम’ म्हणणारा फसतो, कारण मध्य अमेरिकेकडच्या बोआतही एखादा लाल शेपटीचा निघतो, आणि दुकानदार दोघांनाही ‘रेडटेल’ याच नावानं विकतो. पिल्लू असताना भडक असलेला लाल वय वाढेल तसा मातकट होतो. कात टाकायच्या आधी तर सगळाच साप निळसर धुरकट दिसतो, डोळेसुद्धा. त्यामुळे जाणकार रंगावर थांबत नाहीत. खोगिरं मोजतात, अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या ओळी मोजतात, पोटाखालचे रुंद खवले मोजतात, शेपटीचं अंगाशी प्रमाण काढतात. चार खुणा एका दिशेला गेल्या तरी निष्कर्ष ‘बहुधा’ एवढाच. समूहाबद्दल ठामपणे बोलता येतं, पण समोरच्या एका सापाबद्दल ‘बहुधा’च्या पुढे जाता येत नाही.

*

लिनियसनं १७५८ मध्ये बोआ कन्स्ट्रिक्टर हे नाव दिलं. १८०३ मध्ये दोदँनं मध्य अमेरिकेकडचा बोआ इम्परेटर वेगळा सांगितला. मग दीर्घकाळ सगळे एकाच जातीच्या पोटात, उपजाती म्हणून नांदले. २०१६ मध्ये डॅरेन कार्ड आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासून तीन जाती मानाव्यात असं मांडलं: दक्षिण अमेरिकेचा कन्स्ट्रिक्टर, मध्य अमेरिकेचा इम्परेटर आणि मेक्सिकोच्या पॅसिफिक बाजूचा सिग्मा. जगभरच्या काचेच्या पेट्यांमधला सर्वांत स्वस्त ‘कोलंबियन’ म्हणजे बहुतेक वेळा इम्परेटर. म्हणजे ज्याला लोक वर्षानुवर्षं बोआ कन्स्ट्रिक्टर म्हणून पाळत आले, तो या हिशेबानं कन्स्ट्रिक्टर नव्हेच.

*

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. मध्य अमेरिकेच्या वेगवेगळ्या बेटांवरचे बोआ ठेंगणे आहेत. सगळे ठेंगणे म्हणून सगळे एका घराण्यातले असावेत, असं वाटणं साहजिक आहे. पण त्यांच्यातला ठेंगणेपणा एकाच पूर्वजाकडून आलेला नाही, निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे आला आहे. बेटावर मोठी शिकार नाही. उंदीरघुशी कमी, आणि भरवसा ठेवायचा तो मोसमात येणाऱ्या पाखरांवर. झाडावर चढायचं, पाखरू धरायचं, मग वर्षाचे बरेच महिने उपाशी बसायचं. अशा घरात मोठं अंग परवडत नाही. दिसण्यातलं साम्य नात्यापेक्षा ताटातल्या अन्नाबद्दल जास्त सांगतं.

*

हॉग बेटांच्या बोआला त्याच्या गावाचा भाव आला आणि गावच रिकामं झालं. पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी तिथून इतके साप उचलले गेले की १९८० च्या दशकापर्यंत बेटांवर ते दुर्मीळ झाले. पुढे त्या द्वीपसमूहाला संरक्षण मिळालं आणि साप सावरले. उलट मेक्सिकोच्या कोसुमेल बेटावर १९७१ च्या सुमारास थोडे बोआ सोडले गेले. ते तिथले नव्हते. आता ते तिथे भरपूर आहेत आणि बेटावरच्या मूळच्या प्राण्यांना जड जात आहेत. अरुबा बेटावर १९९९ पासून तीच कथा. गावातून उचललेला आणि भलत्या गावात सोडलेला, दोन्ही साप महागात पडतात.

*

आता आपल्याकडे. पॅट्रिक रसेल यानं १८०१ मध्ये मांडुळाचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा त्याला नाव दिलं ‘बोआ जॉनी’. हा जॉन म्हणजे तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीतला मिशनरी, ख्रिस्तोफ जॉन. त्याच १८०१ सालात श्नायडरनं मांडुळाच्या भावकीतल्या डुरक्या घोणशीला ‘बोआ कोनिका’ म्हटलं. पुढे दोघं एरिक्स या प्रजातीत गेले, आणि आता त्यांचं कुळही स्वतंत्र धरतात. तरी खानदानी खुणा राहिल्या आहेत. मादी अंडी न घालता थेट पिल्लंच देते. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक नखी असते, ती पूर्वजांच्या मागच्या पायांची उरलेली निशाणी. नरात ती ठसठशीत.

आपला अजगर मात्र या घरातला नाही. तो अंडी घालतो आणि मादी त्यांना वेटोळं घालून बसते. परदेशी बोआचा फोटो पाहून आपल्याकडे कोणीही ‘अजगर’ म्हणतो, ते अंगाच्या जाडीमुळे.

*

मांडूळ, डुरक्या घोणस आणि व्हिटेकरचं मांडूळ. भारतातल्या या तिघांची तुलना करायची तर सुरुवात शेपटीपासून करावी.

मांडुळाची शेपूट आखूड, बोथट, डोक्याइतकीच जाड. लांबून तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं ते कळत नाही. खवले लहान, गुळगुळीत, तेल लावल्यासारखे चमकणारे. मान अशी नाहीच, डोकं सरळ अंगात मिसळतं. डोळे बारीक, बाहुली उभी. तोंडाच्या पुढचा खवला रुंद आणि धारदार कडेचा, माती उकरायला सोयीचा.

डुरक्या घोणशीची शेपूट टोकदार. खवल्यांवर कंगोरे, आणि शेपटीकडे ते इतके खरखरीत की कपड्यावरून फिरले तरी आवाज येतो. पाठीवर तपकिरी ठिपके एकमेकांत मिसळून नागमोडी पट्टा झालेला. घोणशीच्या नावावर ती मार खाते, कारण घाबरलेला माणूस ठिपके पाहतो, शेपूट पाहत नाही. विषारी घोणशीचं डोकं त्रिकोणी आणि मान बारीक असते, ठिपके साखळीसारखे सुटे असतात, आणि ती कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. हिची मान जाड, अंग ठेंगणं, चाल सुस्त. तरी ओळख पटेपर्यंत दोघींपासून हात लांबच ठेवावा.

व्हिटेकरचं मांडूळ या दोघांच्या मधलं. शेपूट मांडुळासारखी बोथट, पण अंगावर अस्पष्ट डाग. ते पश्चिम किनाऱ्याच्या पट्ट्यात राहतं, गोवा, कर्नाटक, केरळ. इंद्रनील दास यांनी १९९१ मध्ये त्याला सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकरांचं नाव दिलं. आमच्या नर्मदेकाठी ते येण्याचं कारण नाही.

*

मांडुळाचं पिल्लू पाहिलं नसेल तर ओळखू येत नाही. अंग तांबूस नारिंगी, आणि मागच्या अर्ध्या भागावर, विशेषतः शेपटीवर, काळी कडी. मोठेपणी ही कडी विरतात आणि अंग एकरंगी होतं. एकरंगी म्हणजे कोणता रंग, ते मात्र ठरलेलं नाही. वाळूसारखा पिवळट, तांबडा, तपकिरी, जवळजवळ काळा. मांडूळ इराणपासून भारतभर पसरलेलं आहे. पश्चिमेकडच्यांत मोठेपणीही कडी टिकतात असं सांगून तिकडच्या सापांना वेगळी उपजातही केली होती, पण ती सर्वांना मान्य नाही. वयाची खूण की प्रांताची, हा घोळ बोआत आहे तसाच इथेही.

*

अधारतालची माती काळी. जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ इथे १९६४ पासून आहे, आणि त्याच्या शेतांतून उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. नर्मदेकडे ग्वारीघाट, तिलवाराघाटला वाळू. मांडुळाला भुसभुशीत जमीन हवी, त्यामुळे काळ्या मातीत ते बिळं, भेगा आणि नांगरलेल्या वाफ्यांच्या आश्रयानं राहतं. इथं निघालेली जी मांडुळं मी पाहिली ती गडद, चॉकलेटी. घाटाकडचं एक तांबूस पाहिलं. एवढ्यावरून ‘काळ्या मातीचं काळं मांडूळ’ असा नियम करायचा मोह होतो, आणि बोआच्या बाजारात गावांची नावं अशाच मोहातून जन्मली आहेत. नियम करायला दोन्हीकडचे पुष्कळ साप हवेत, आणि प्रत्येकाची जागा लिहिलेली हवी.

*

गल्लीच्या टोकाला नव्या घराचा चर खणला तेव्हाची गोष्ट. मजूर वर येऊन उभे. एक पोरगा सांगतो, “काका, दोमुंही है, दोनों तरफ से चलती है.” सर्पमित्र आला, त्यानं ते हलक्या हातानं बादलीत घेतलं, तळाला दोन मुठी माती टाकली. मांडुळानं पहिली गोष्ट केली ती डोकं वेटोळ्याखाली सारायची आणि शेपूट वर काढायची. शेपूट हळूहळू हलत राहिली, जणू तेच तोंड. जवळून पाहिलं तर शेपटीच्या टोकावर जुने व्रण होते. एक खोल, एका बाजूचे खवले गेलेले. दुसरा गोल, कातडी आवळून आलेली. मुंगूस, मांजर, घूस, कोणाचे दात ते सांगता येत नाही. पण चावा शेपटीवर पडला आणि डोकं वाचलं, एवढं त्या व्रणांतून वाचता येतं. दुतोंडेपणा म्हणतात तो हाच. तोंड एकच, दुसऱ्याचं नुसतं सोंग.

“चालतं का दोन्हीकडून?” मी त्या पोराला विचारलं. त्यानं बराच वेळ बादलीत पाहिलं. मांडूळ पुढेच सरकत होतं, डोकं मातीत खुपसून.

*

गारुड्यांनी या सोंगाला मदत केली. शेपटीच्या टोकावर डागून किंवा कापून डोळे आणि तोंड काढायचं, मग साप दुतोंड्या म्हणून दाखवायचा. सहा महिने इकडून, सहा महिने तिकडून चालतो, ही त्याबरोबरची कथा. डागलेलं शेपूट आणि चावलेलं शेपूट यांत फरक दिसतो. चाव्याचे व्रण आडवेतिडवे, एका बाजूला. डागलेले दोन्ही बाजूंना समोरासमोर, माणसाच्या हातचे.

*

बोआच्या बाजारात गाव विकलं जातं, मांडुळाच्या बाजारात वजन. अमुक किलोच्या वरचं मांडूळ, मग लाखांचे, कोटींचे आकडे. पैशांचा पाऊस, गुप्तधन, पौरुषाचं औषध, असाध्य रोगावर उपाय. यातलं काहीही त्या सापात नाही. उंदीर खाणारा, बिनविषारी, संथ साप आहे. वजन जास्त म्हणजे बहुधा मादी, वय झालेली, पोटभर खाल्लेली किंवा पिल्लं पोटात असलेली. म्हणजे टोळी जिच्या मागे लागते ती नेमकी वीण देणारी मादी.

डब्ल्यूसीएस-इंडिया या वन्यजीव संस्थेनं २०१६ ते २०२१ या काळातल्या मांडूळ जप्तीच्या १७२ घटना एकत्र केल्या. १८ राज्यं आणि एक केंद्रशासित प्रदेश. सर्वांत जास्त महाराष्ट्रात, ५९, आणि त्यांत पुणे, ठाण्यासारख्या शहरी भागांतल्या बऱ्याच. त्याखालोखाल उत्तर प्रदेश, ३३, नेपाळ सीमेलगतच्या जिल्ह्यांत जास्त. गुप्तधनाच्या नावाखालच्या अघोरी प्रकारांना महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं शिक्षा ठेवली, तरी मांडुळाचा बाजार शहरांतही जोरात राहिला. अंधश्रद्धा खेड्यातली, हे वाक्य त्या ५९ पुढे टिकत नाही.

*

कायद्याचं थोडक्यात. मांडूळ पकडणं, बाळगणं, विकणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा. सर्पमित्रानंही ते वनखात्याला कळवून पकडावं आणि सोडावं. परदेशी बोआचं वेगळं. २०२० मध्ये केंद्रानं परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना स्वखुशीनं माहिती द्यायची मुदत दिली होती. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस कराराच्या यादीतले जिवंत प्राणी कायद्याच्या कक्षेत आले. २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंद ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. बोआ या यादीच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, अर्जेंटिनाचा मात्र पहिल्यात, म्हणजे सर्वांत कडक. तेव्हा ‘हा कुठल्या गावचा’ हा प्रश्न शौकिनाचा तेवढाच कस्टमच्या अधिकाऱ्याचाही. काळपट जाळीवाला साप पेटीत निघाला की खोगिरं मोजायची पाळी त्याच्यावर येते.

*

जबलपूरला सापांच्या गावाचा एक फार जुना दाखला आहे. भेडाघाटकडच्या लमेटाघाटावरून ‘लमेटा’ हे नाव ज्या खडकांना पडलं, ते मध्य भारतापासून गुजरातपर्यंत विखुरलेले आहेत. ब्रिटिश अधिकारी स्लीमनला १८२८ मध्ये डायनोसॉरची हाडं मिळाली ती याच जबलपूरच्या टेकडीत. त्याच खडकांत, पण गुजरातेत धोली डुंगरीला, भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना डायनोसॉरची अंडी आणि त्यांच्याजवळ काही हाडं मिळाली. ती सगळी डायनोसॉरच्या पिल्लाचीच धरली गेली. कित्येक वर्षांनी जीवाश्मतज्ज्ञ जेफ्री विल्सन यांनी मणके पाहिले आणि त्यांतले बरेच सापाचे असल्याचं ओळखलं. अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला साडेतीन मीटरचा साप, ‘सनाजे इंडिकस’, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. वय सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षं.

हा साप ओळखता आला तो मणक्यांच्या घडणीवरून. डायनोसॉरच्या घरट्यातला शिकारी ठरला तो मात्र हाडं ज्या जागी होती तशीच, अंड्यांसकट, एका दगडात राहिली म्हणून. कोणी मणके वेगळे काढून पेटीत टाकले असते तर एका जुन्या सापाचं नाव मिळालं असतं, तो तिथे काय करत होता ते कधीच कळलं नसतं.

*

जप्तीतल्या मांडुळाची अडचण इथेच आहे. साप पकडला जातो लॉजवर, बसस्टँडवर, गाडीच्या डिकीत. पंचनाम्यात येतं ते जप्तीचं ठिकाण. साप त्याआधी कुठल्या जिल्ह्यातून, कुठल्या बांधावरून निघाला ते पकडलेला माणूस सांगत नाही, आणि सापाच्या अंगावर ते लिहिलेलं नसतं. तांबूस म्हणून राजस्थानचं, काळपट म्हणून आमच्याकडचं, असं म्हणता येत नाही. मग ते जवळच्या जंगलात सोडतात. लांब नेऊन सोडलेले साप अनोळखी जागेत जास्त भटकतात आणि जास्त मरतात, हे निरनिराळ्या देशांत दिसलं आहे. मांडुळासारखा बिळाच्या आश्रयानं राहणारा साप नवी बिळं शोधत उघड्यावर फिरला तर त्याची शेपटीची युक्ती किती वेळ पुरणार?

*

जबलपुरात वन्यजीवांच्या न्यायवैद्यक तपासाचं केंद्र आहे, पशुवैद्यक विद्यापीठाचं. कातडीचा तुकडा, मांस, हाड यांवरून जात सांगता येते आणि न्यायालयात ते टिकतं. जातीच्या पुढे जाऊन गाव सांगायचं तर आधी प्रत्येक गावच्या सापांचे नमुने जवळ हवेत, जागा नक्की माहीत असलेले. बोआच्या बाबतीत २०१६ चा अभ्यास झाला तो असे नमुने होते म्हणून. काचेच्या पेटीत पिढ्यान् पिढ्या वाढलेल्या, सरमिसळ झालेल्या सापाला तोच प्रश्न विचारला तर नीट उत्तर मिळत नाही.

*

म्हणून सर्पमित्रांना एक सांगणं. फोटो काढता, लांबी मोजता, ते ठीक. वजन चारचौघांत सांगू नका, त्याची गिऱ्हाइकं भलतीच असतात. वहीत मात्र जागा लिहा: गल्ली, शेत, माती काळी की वाळूची, किती खोल निघालं, पिल्लू की मोठं, कडी होती का, कुठे सोडलं. ‘अधारताल’ एवढं लिहून भागत नाही. विद्यापीठाची बाजू आणि रिछाईची बाजू यांत फरक आहे. जागेचा हा तपशील वहीतच राहू द्या, फेसबुकवर नको, नाहीतर हॉग बेटांची गत व्हायची. पाचपंचवीस वह्या जमल्या की काळ्या मातीतलं मांडूळ खरंच काळं असतं का, ते पाहता येईल.